बुधवारचा रविवार

उद्यमबागेतल्या यांच्या फाउंड्रीला सुट्टी बुधवारी.
म्हणून आमचा रविवार बुधवारी येतो.
वडगावातली पोरं दप्तरं घेऊन निघतात
आणि आम्ही डबा घेऊन.
दाराला पुठ्ठा अडकवते मी: आज पिको-फॉल बंद.
समोरची शेवंता विचारते, कुठं गे आज?
ठरलं नाही की अजून, म्हणते.
खरंच ठरलेलं नसतं.
हे गाडी हलवतात, टाकीला कान लावतात,
पेट्रोल वाजतं तेवढ्यावर गाव ठरतं.

नणंदेची मुलगी मेलबर्नला असते.
तिचा शनिवार फोनवर येतो:
समुद्र, गाडीमागं बांधलेल्या दोन सायकली,
वाळूत पाय रोवून बसलेला जावई, नाकाला पांढरं काहीतरी फासलेला.
मामी, तुम्ही वीकेंडला काय करता?
आमचा वीकेंड आठवड्याच्या पोटात असतो बाई, म्हटलं,
करंजीसारखा. दोन्हीकडून काम.
तिनं हसण्याची चित्रं पाठवली, पाच.

एप्रिलात गोकाक गाठलं.
धबधबा नव्हता,
धबधब्याची जागा होती.
उघडा कडा, तापलेला,
झुलत्या पुलाच्या तोंडाशी एक कुत्रं निजलेलं.
हे बराच वेळ खाली बघत राहिले
आणि म्हणाले, बुधवार आज. त्यालापण सुट्टी.
करदंट खाल्लं आणि आलो.

हलशीला देवळाची किल्ली घेऊन पुजारी खानापूरच्या बाजाराला गेलेला.
जाळीतून देव बघितला, जाळीतूनच पाच रुपये टाकले,
ते अलीकडंच पडले.
वाटेतल्या पाट्या हे भराभर वाचतात,
मी मराठी शाळेतली, एकेक अक्षर चाचपत जाते,
तोवर गाव मागं पडतं.

शिनोळी ओलांडली की फोन म्हणतो,
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
मघापासून काय होतो मग आम्ही?
हे म्हणतात, ते राहू दे, पेट्रोल अलीकडंच भरायचं.
सीमा यांच्या हिशेबात लिटरमागं काही रुपयांची आहे.
तिथं पुढं एका दगडावर वेंगुर्ल्याचा आकडा आहे.
दगडापाशी चहा घेतो, आकडा बघतो,
गाडी वळवतो.

वही सापडली परवा, टूलबॉक्समध्ये, तेलकट.
वर नाव: भरमू निंगोजी कणबरकर. आत
गोकाक १२४ किमी. पाणी नाही.
हलशी ८६. देव बंद.
जांबोटी, ठरलं, गेलो नाही, हिची वरात-ऑर्डर.
आणि त्याच अक्षरात, त्याच ओळीनं
केएलई १८ किमी. छातीचा फोटो. परतताना आइस्क्रीम दोन. ही हसली.

हसले होते का मी?
कप चेपून त्यांनी त्याची पिपाणी केली होती,
वाजली नाही. फुंकर पुरली नाही.

आमच्या एवढ्या फिरण्यातला एकच फोटो घरात आहे,
कपाटावर, मोठ्या पिवळ्या पाकिटात.
खिडकीला धरला की दिसतं,
बरगड्यांच्या आड धुकं, बारीक ठिपके.
वाळू आहे थोडी, डॉक्टर म्हणाले होते,
साच्याची वाळू, तीस वर्षांची.
मी खुळ्यासारखी म्हटलं,
वाळू कशी, समुद्रावर तर आम्ही गेलोच नाही अजून.
कोणी काही बोललं नाही.
मग डॉक्टर म्हणाले, गाडीवर तोंडाला रुमाल बांधत जावा.

आज मंगळवार. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर
जुन्या धोतराचे दोन रुमाल फाडले,
कडेनं पिको घातला, निळ्या दोऱ्याचा, तोच मशीनला होता.
बाहेर हे गाडी हलवतायत.
बराच वेळ हलवतायत.
वेंगुर्ल्याचा आकडा किती गे होता, विचारतात.
मला पाठ आहे.
बघून ये की उद्या, म्हणते मी,
आणि भाकरीचं पीठ दोन मुठी जास्त घेते.